आंबवलेला कोबीचा पाला: डुकराच्या पिल्लांना तोंडी लावण्यापुरता

दुसरं पिंप एकविसाव्या दिवशी उघडलं. झाकणाची रिंग सैल केली आणि लोणच्याची बरणी उघडल्यावर येतो तसा आंबूस वास आला. जीव भांड्यात पडला, कारण पहिल्या पिंपाचा वास अजून नाकातून गेलेला नाही. पाल्याचा हिरवा रंग जाऊन पिवळसर तपकिरी झालेला. मूठभर घेऊन दाबला तर बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले, धार लागली नाही. आंबटपणा मोजायची पीएचची पट्टी ४ च्या आसपास थांबली; आकडा जितका कमी तितका माल आंबट. झाकणाखाली एका कडेला रुपयाएवढी पांढरी बुरशी दिसली. ती आणि तिच्या भोवतालचा वीतभर थर काढून टाकला. पिल्लांच्या खाण्यात बुरशी अजिबात चालवून घ्यायची नाही, मग थोडा माल वाया गेला तरी चालेल.

पहिलं पिंप कसं फसलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे कुणी तीच चूक करणार नाही. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात भाजीचे सौदे उरकले की कोबी-फ्लॉवरच्या पाल्याचे ढीग पडलेले असतात. ओळखीचा अडत्या म्हणाला, "न्या की पावणं, लागंल तेवढा न्या. रबरं, सुतळ्या तेवढ्या निवडून घ्या." निवडून, दोनदा धुऊन, चिरून मी तो ताजाच भरला. कोबीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच. आठ दिवसांत तळाला चार बोटं पाणी साचलं, पट्टी साडेपाचच्या खाली उतरेना, आणि वास खवट लोण्यासारखा. तो वास ब्युटिरिक आम्लाचा. ओल जास्त आणि साखर कमी पडली की क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू लॅक्टिक आम्ल करणाऱ्या चांगल्या जीवाणूंवर मात करतात. सगळं पिंप खताच्या खड्ड्यात ओतलं.

दुसऱ्या वेळी पाला ताडपत्रीवर दीड दिवस सुकवला. पानं लुळी पडली, पण कुरकुरीत होऊ दिली नाहीत. असा दहा किलो पाला, त्यात अडीच किलो गव्हाचा कोंडा. हिशेब असा: सुकवलेल्या पाल्यात कोरडा भाग साधारण पंधरा टक्के धरला, म्हणजे दीड किलो. कोंड्यात नव्वद टक्के, म्हणजे सव्वादोन किलो. साडेबारा किलोत पावणेचार किलो, बरोबर तीस टक्के. वरून पाव किलो गुळाचा चुरा. सध्या गुऱ्हाळं चालू आहेत, त्यामुळे काहिलीच्या कडेचा खरवडलेला गूळ सहज मिळतो, काकवीही चालते. मीठ मूठभर. मग थराथराने बुक्क्यांनी दाबत भरलं, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वाळूची पिशवी. पहिले चार दिवस रोज रिंग जरा सैल करून वायू सोडला. नंतर हात लावला नाही.

आता पिल्लांचं. चारही एकाच वेताची, लार्ज व्हाईट यॉर्कशायरचा संकर, छप्पन्नाव्या दिवशी आईपासून तोडलेली. तेव्हा वजनं साडेनऊ ते सव्वादहा किलो. दोन-दोनच्या जोड्या केल्या. एका जोडीला नुसतं खाद्य: मक्याचा भरडा, सोयाबीन पेंड, थोडा कोंडा, खनिज मिश्रण. दुसरीला तेच खाद्य आणि आंबवण.

पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅम टाकलं. कानावर काळा ठिपका असलेल्या मादीने नाक खुपसून सगळं उलटंपालटं केलं, त्यातला कोंडा तेवढा शोधून खाल्ला आणि पाला गव्हाणीबाहेर ढकलला. तिसऱ्या दिवसापासून मात्र माझ्या बादलीचा आवाज ऐकला की दोघं जाळीला लागायची. ते बघून माझा हात सैल सुटला. दुसऱ्या आठवड्यात खाद्य तेवढं कमी करून प्रत्येकाला सहाशे ग्रॅमपर्यंत गेलो, म्हणजे कोरड्या हिशेबाने एक तृतीयांश खाद्य बदललं. पोटं टम्म, पिल्लं शांत झोपलेली. मला वाटलं, जमलं. रविवारी काट्यावर घेतली तर आंबवणवाली आठवड्यात सव्वा किलोच वाढली होती. दुसरी जोडी सव्वादोन किलो.

पोट भरलं, अंग भरलं नाही. एवढ्या लहान डुकराच्या मोठ्या आतड्यात तंतुमय चारा पचवायची ताकद अजून आलेली नसते, आणि पोटाची पिशवी लहान. ती पाल्याने भरली की पेंडीला जागा उरत नाही. मोठ्या मादीला हेच आंबवण तीन-चार किलो घातलं तरी ती पचवते. पिल्लांना ते तोंडी लावण्यापुरतंच.

तिसऱ्या आठवड्यापासून दोनशे ग्रॅमवर आणलं. चौथ्या आठवड्यात जोड्यांची वाढ जवळपास सारखी झाली. मला खरा फरक विष्ठेत दिसला. आईपासून तोडल्यानंतर चारही पिल्लं ढाळत होती. आंबवणवाल्या जोडीची विष्ठा आधी बांधली गेली. या वयात जठरात आम्ल कमी तयार होतं आणि ढाळ लावणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंना रान मोकळं मिळतं; लॅक्टिक आम्लाचा तिथे उपयोग होतो. अर्थात चार पिल्लांवरून छातीठोक काही सांगता येणार नाही, पण पुढच्या वेताला मी आंबवण तोडायच्या आधीच, चमचाभर चाखवत सुरू करणार आहे.

एक बारीक गोष्ट: आंबवण आणि खाद्य आदल्या रात्री कालवून ठेवू नका. खाद्यात वरून घातलेलं लायसिन (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) जीवाणूच खाऊन टाकतात. गव्हाणीत टाकतानाच मिसळा. आणि मीठ घालतो म्हणून पाणी चोवीस तास हवंच. पाणी तुटलं की डुकरांना मिठाची विषबाधा होते.

दोघा-तिघांनी विचारलं, हॉटेलातलं खरकटं असंच आंबवलं तर? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग आला, त्यावर इलाज नाही, आणि त्याचा विषाणू डुकराच्या मांसातून, खरकट्यातून पसरतो. आंबवल्याने तो मरेल या भरवशावर मी माझी पिल्लं टांगणीला लावणार नाही. हिरवे पडलेले आणि कोंब फुटलेले बटाटेही बाजूला काढतो, त्यात सोलानिन हे विष असतं.

तिसरं पिंप परवा भरलं. यात निम्मा कोबी, निम्मी गाजरं आणि बीट, म्हणजे साखर जास्त, म्हणून गूळ निम्मा केलाय. काल वायू सोडताना वास चांगला होता. अठरा दिवसांनी पट्टी घालतो.