ग्लासगोचे पाच दिवस आणि त्याआधीचे सात महिने

जानेवारी 2024 मधल्या एका रविवारी रात्री आम्ही चौघांनी आपापल्या घरी संगणकासमोर बसून, फोनवर एकमेकांशी बोलत, वर्ल्डकॉन या संमेलनाचे सभासदत्व घेतले. पुण्यात एकाच महाविद्यालयात बीएस्सी करताना ग्रंथालयातल्या विज्ञानकथा एकमेकांच्या कार्डावर घेऊन वाचायची सवय आम्हाला लागली होती आणि ती पंचवीस वर्षांत सुटलेली नाही. आता एक मित्र नाशिकला असतो, एक मैत्रीण ठाण्याला, एक मित्र नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला, आणि मी पुण्यातच राहिले. आपसांत आम्ही त्यांना नाशिककर, ठाणेकर आणि लीड्सकर असेच म्हणतो, म्हणून इथेही तीच नावे ठेवते. या संमेलनाला जायचे असे ठरवण्यापासून तिथून परतण्यापर्यंत आम्हाला काय काय करावे लागले, हे जरा तपशिलाने लिहावे असे वाटते, कारण निघण्यापूर्वी मी मराठीत असे काही शोधत होते आणि मला ते मिळाले नव्हते.

वर्ल्डकॉन हे विज्ञानकथाप्रेमींचे जागतिक संमेलन. पहिले 1939 साली न्यूयॉर्कला भरले; दुसऱ्या महायुद्धामुळे मध्ये काही वर्षे खंड पडला, तो सोडला तर ते दरवर्षी वेगवेगळ्या शहरात भरत आले आहे. 2024 चे संमेलन बेऐंशीवे होते आणि ते 8 ते 12 ऑगस्ट या पाच दिवसांत स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाले. याआधी 1995 आणि 2005 साली याच शहराने यजमानपद भूषवले होते. संमेलनाला पगारी यंत्रणा नसते. अध्यक्षांपासून दारावर ओळखपत्र तपासणाऱ्यापर्यंत सगळे स्वयंसेवक असतात. त्यामुळे इथे तिकीट नावाची गोष्टच नाही, आपण सभासद होतो. त्या रात्री तो शब्द मी फारसा मनावर घेतला नव्हता.

सभासदत्वाचे दोन भाग असतात. पहिला भाग 2024 साली 45 पौंडांचा होता, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पावणेपाच हजार रुपयांचा. त्यात ह्यूगो या विज्ञानकथांच्या मानाच्या पुरस्कारांसाठी नामांकन करण्याचा, मत देण्याचा आणि पुढच्या एका संमेलनाचे स्थळ निवडण्यात भाग घेण्याचा हक्क मिळतो. प्रत्यक्ष हजर राहायचे तर त्यावर वेगळे शुल्क भरावे लागते आणि जितका उशीर होईल तितके ते वाढत जाते. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांनीसुद्धा पहिला भाग घ्यायला हरकत नाही, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अंतिम यादीतल्या बहुतेक साहित्याच्या डिजिटल प्रती मतदानापूर्वी सभासदांना वाचायला मिळतात. पुण्यात बसून वर्षभराचे उत्तम लेखन एकत्र हाती येण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

नामांकनाच्या वेळी प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावे सुचवता येतात आणि त्यातून सहा नावांची अंतिम यादी तयार होते. त्यानंतर खरा अभ्यास सुरू होतो. मतपत्रिकेवर एकच नाव निवडायचे नसते, पसंतीक्रम लावायचा असतो. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर सर्वांत कमी मतांचे नाव बाद होते आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच पुरस्कारयोग्य नाही असे वाटल्यास तसा पर्यायही क्रमात मांडता येतो. एप्रिलपासून जुलैपर्यंत आम्ही दर शनिवारी रात्री फोनवर भेटून वाचलेल्यावर बोलत होतो. दीर्घकथांच्या विभागात ठाणेकरची पहिली पसंती माझी सहावी निघाली, तेव्हा ती मला म्हणाली, "तू ती रात्री अकरानंतर वाचलीस ना? उद्या सकाळी पुन्हा वाच, मग बोलू." मी वाचली आणि ती कथा तिसऱ्या क्रमांकावर आणली.

मतदान संपल्यावर जुलैमध्ये एक गंभीर बातमी आली. एकूण 3,813 मतांपैकी 377 मते बनावट ठरवून बाद करण्यात आल्याचे समितीने स्वतःहून जाहीर केले. त्यातल्या काही मतदारांची आडनावे एकसारखी असून फक्त पहिले अक्षर वर्णमालेच्या क्रमाने बदललेले होते. आदल्या वर्षीच्या नामांकनांवरून जानेवारीत मोठा वाद झालेला होता, त्या पार्श्वभूमीवर हा आकडा न लपवता सांगितला गेला याचे मला फार महत्त्व वाटले. मी मत देण्यासाठी चार महिने वाचत होते. त्या मताची मोजदाद कोणीतरी तितक्याच काळजीने केली होती.

आता व्हिसाविषयी. लीड्सकराला त्याची गरज नव्हती, आम्हा तिघांना होती. पर्यटकांसाठीच्या सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क तेव्हा 115 पौंड होते. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे, आणि सोबत बँकेचे सहा महिन्यांचे खातेउतारे, नोकरीच्या ठिकाणचे रजा मंजूर झाल्याचे पत्र, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि सभासदत्वाची पावती जोडायची. नाशिककराने इथे एक चूक केली, जी इतरांनी टाळावी म्हणून नोंदवते. खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून त्याने अर्जाच्या आधल्या आठवड्यात भावाकडून दोन लाख रुपये वळते करून घेतले. अचानक आलेल्या अशा रकमेचा खुलासा न जोडता अर्ज गेला की शंका घेतली जाते. त्याच्याकडून जादा कागदपत्रे मागवली गेली आणि पारपत्र आम्ही निघायच्या चार दिवस आधी हातात पडले. त्या तीन आठवड्यांत तो रोज सकाळी फोन करून "अजून काही नाही" एवढेच सांगत असे. भावाचे एक साधे पत्र आणि त्याचा खातेउतारा सोबत लावला असता तर हे सगळे टळले असते.

विमानाने दुबईमार्गे ग्लासगोला पोहोचल्यावर आम्ही विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात उतरलो, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या खोल्या हॉटेलपेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात. संमेलन क्लाइड नदीच्या काठावरच्या स्कॉटिश इव्हेंट कॅम्पसमध्ये होते. ग्लासगो सेंट्रल या मुख्य रेल्वे स्थानकाच्या भूमिगत फलाटावरून दुसरेच स्थानक एक्झिबिशन सेंटर, आणि स्थानकापासून सभागृहापर्यंत रस्त्यावरून जाणारा बंदिस्त पादचारी पूल, त्यामुळे पावसातही कोरडे पोहोचता येते. त्या पुलावर पहिल्या सकाळी आमच्या पुढे-मागे अंतराळवीर, यंत्रमानव, चांदीच्या रंगात रंगलेली लहान मुले आणि त्यांचे डबे घेऊन निघालेले आईवडील चालत होते आणि कोणीही कोणाकडे वळून पाहत नव्हते. इतकी वर्षे घरात आणि कचेरीत जी आवड मी जरा आवरून बोलत आले, ती घेऊन चालणाऱ्यांची एवढी मोठी रांग मी प्रथमच पाहत होते.

ओळखपत्राला खाली रंगीत फिती चिकटवण्याची या संमेलनांत जुनी प्रथा आहे. लोक आपापल्या फिती छापून आणतात आणि ओळख झाली की एकमेकांना देतात. ठाणेकरने हे आधीच वाचले होते. तिच्या सांगण्यावरून मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यातून, शाळांच्या स्नेहसंमेलनात बिल्ल्याला लावतात तशा भगव्या सॅटीनच्या दोनशे फिती करून घेतल्या होत्या. त्यांवर सोनेरी अक्षरांत एकच शब्द होता, 'विज्ञानकथा', आणि मागे दुहेरी चिकटपट्टी. छापखान्याच्या मालकांनी विचारले, "मॅडम, शाळेचं नाव राहिलंय का?" मी म्हटले, "नाही काका, एवढंच हवं आहे." त्यांनी 'ज्ञ'ची जोडणी नीट उठावी म्हणून ठसा दुसऱ्यांदा करून दिला आणि त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

त्या फितीने आमच्या अर्ध्याअधिक ओळखी करून दिल्या. एका सभागृहाच्या दारावर आजोबांच्या वयाचे एक स्कॉटिश स्वयंसेवक उभे होते. त्यांनी फीत दोन बोटांत धरून वरच्या आडव्या रेघेवरून नख फिरवले आणि ही रेघ अक्षरांना धरून ठेवते का, असे विचारले. मी शिरोरेषेबद्दल सांगितले, मग तो शब्द वाचून दाखवला, आणि मग जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवेना. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा नारळीकर खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगभर ओळखले जात होते. आपल्या नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून त्यांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली आणि पाठवली, आणि पहिले बक्षीस मिळवले. आजोबा मनापासून हसले. मग त्यांनी मला काचेपाशी नेऊन बाहेर उभी असलेली फिनिस्टनची प्रचंड यारी, म्हणजे क्रेन, दाखवली. ग्लासगोत बनलेली वाफेची इंजिने त्या यारीने जहाजावर चढवली जात आणि त्यातली पुष्कळ हिंदुस्थानात जात, असे ते म्हणाले. आमच्या गावाकडे मनमाडला मी लहानपणी जी इंजिने पाहिली, त्यातले एखादे इथून उचलले गेले असेल, हा विचार पुढचे दोन दिवस माझ्या मनातून गेला नाही.

कार्यक्रमांची आखणी हा मात्र आमचा कच्चा दुवा ठरला. एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी परिसंवाद, कथावाचन, शास्त्रज्ञांची व्याख्याने आणि कार्यशाळा चालू असतात, आणि लहान खोल्या वेळेच्या आधीच भरून जातात. बसायला जागा संपली की कोणालाही आत घेत नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही चौघांनी एकत्रच फिरायचे असा हट्ट धरला आणि तीन दारांवरून परत फिरलो. एखाद्या लेखकाभोवती आठ-दहा जणांनी तासभर बसून बोलण्याची जी बैठक असते, तिची नोंदणी आधी करावी लागते, हेही आम्हाला उशिरा कळले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेगवेगळे गेलो आणि रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, ठाणेकरने आणलेल्या मेतकूट-भाताबरोबर, ऐकलेले एकमेकांना सांगितले. जाणाऱ्यांना माझा सल्ला असा, की दिवसाला चारच कार्यक्रम ठरवावेत, प्रत्येकाला अर्धा तास आधी पोहोचावे आणि दुपारचा एक तास पुस्तकांच्या दालनासाठी मोकळा सोडावा.

लीड्सकराच्या आग्रहावरून मी कामकाजाच्या सभेला गेले आणि हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. वर्ल्डकॉन ज्या संस्थेच्या घटनेनुसार चालते, तिचा कारभार सभासद स्वतः सभेत ठरवतात. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेसारखेच ठराव, उपसूचना आणि हरकती असतात, पण बोलण्याची वेळ सेकंदावर मोजली जाते आणि अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणी तोंड उघडत नाही. घटनेतली दुरुस्ती सलग दोन वर्षांच्या संमेलनांत मंजूर झाली तरच लागू होते, त्यामुळे एका शहरात जमलेल्या गर्दीला नियम एकटीने बदलता येत नाहीत. हात वर करून निकाल स्पष्ट होत नसला तर एका बाजूचे सगळे उभे राहतात, पहिल्या रांगेच्या टोकापासून एकेक जण मोठ्याने आपला आकडा म्हणतो आणि खाली बसतो, आणि मोजणी नागमोडी वळत मागे येते. माझ्या शेजारच्या बाईंनी "त्रेसष्ट" म्हटले, मी "चौसष्ट" म्हटले आणि बसले. माझा आवाज थोडा कापला. त्या एका आकड्यापुरते ते संमेलन माझ्या मतावर चालत होते, आणि जानेवारीत पावतीवर वाचलेला 'सभासद' हा शब्द मला तेव्हा नीट कळला.

रविवारी, 11 ऑगस्टच्या रात्री, आर्माडिलो या खवल्यांसारख्या छपराच्या सभागृहात ह्यूगो पुरस्कार दिले गेले. पुरस्कारचिन्हातला अग्निबाण तोच राहतो, बैठक दरवर्षी नव्याने घडवली जाते. आमच्या पहिल्या पसंतीची फारच थोडी नावे पुकारली गेली, पण ठाणेकरच्या पसंतीची दीर्घकथा हरली तेव्हा मला तिच्याइतकेच वाईट वाटले, याचा मलाच आनंद झाला.

स्थळनिवडीसाठी वेगळे शुल्क भरून मत द्यावे लागते आणि ते पैसे निवडून आलेल्या संमेलनाच्या सभासदत्वात जमा होतात. 2026 साठी लॉस एंजेलिसच्या आयोजकांची निवड झाली, संमेलन शेजारच्या अ‍ॅनाहाइमला भरणार असे ठरले, आणि आमच्यापैकी तिघांचे सभासदत्व तिथल्या तिथे सुरू झाले.

सोमवारी दुपारी समारोप झाल्यावर ध्वनिक्षेपकावरून आवराआवरीसाठी हात मागितले गेले. नाशिककर आणि मी चित्रदालनात गेलो. तिथे जाळीच्या उभ्या चौकटी जोडलेल्या होत्या; त्यांचे प्लास्टिकचे पट्टे कातरीने कापायचे, चौकटी आडव्या करून ढीग लावायचा आणि कापलेले तुकडे पिशवीत गोळा करायचे, असे काम होते. दारावरचे आजोबा तिथेच खुर्चीवर बसून पिशव्या बांधत होते. त्यांच्या ओळखपत्राखालच्या लांबलचक माळेत आमची भगवी फीत सर्वांत वर होती. सात वाजेपर्यंत दालन रिकामे झाले, मग आम्ही हात धुतले आणि गाडीला निघालो.