४ पासून शून्यापर्यंत

गणितातील एखादे सत्य विधान ठरावीक नियमांच्या चौकटीत सिद्ध होऊ शकत नाही, असा विषय निघाला की आम्हा गणित शिकवणाऱ्यांच्या गप्पांत बहुधा कुर्ट गोडेल यांच्या १९३१ मधील सिद्धांताचा उल्लेख होतो, आणि स्वतःच्याच असिद्धतेविषयी बोलणाऱ्या एका विधानापाशी चर्चा थांबते. ते विधान तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु ऐकणाऱ्याला वाटते की हा भाषेचा खेळ असून खऱ्या अंकगणिताला त्याची झळ पोहोचत नाही. हा समज मला फार खटकतो. फोंड्याला अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गणितीय विगमन (विधान पहिल्या संख्येसाठी खरे, आणि एका संख्येसाठी खरे असल्यास पुढचीसाठीही खरे, म्हणून सर्वांसाठी खरे, ही सिद्धतेची रीत) शिकवून झाले की मी त्यांना मुद्दाम दुसरे उदाहरण देतो, ज्यात केवळ घातांक, गुणाकार आणि १ ची वजाबाकी एवढेच लागते.

ब्रिटिश गणिती रूबेन गुडस्टीन यांनी १९४४ मध्ये मांडलेली ती कृती अशी आहे. एखादी संख्या २ हा पाया घेऊन घातांच्या बेरजेत लिहावी. घातांकही, आणि घातांकांचे घातांकही, त्याच पायात लिहावेत. मग जिथे जिथे पाया म्हणून २ आला आहे तिथे ३ ठेवावा आणि येणाऱ्या संख्येतून १ वजा करावा. पुढच्या पायरीला ३ च्या जागी ४, त्यानंतर ४ च्या जागी ५, असे करत राहावे. ३ पासून सुरुवात केली तर ३, ३, ३, २, १, ० असे लगेच संपते. ४ पासून केली तर चित्र पालटते. ४ म्हणजे २ चा २ रा घात. पाया बदलला की ३ चा ३ रा घात, म्हणजे २७, आणि १ वजा केल्यावर २६. आता २६ म्हणजे ३ च्या वर्गाची दुप्पट, अधिक ३ ची दुप्पट, अधिक २. पाया ४ केला की ४२ आणि त्यातून १ गेला की ४१. पुढे ६०, ८३, १०९, १३९ अशा संख्या येतात. वाढ थांबण्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही, आणि तरीही गुडस्टीन यांचा सिद्धांत सांगतो की कोणत्याही नैसर्गिक संख्येपासून निघालो तरी ही माला अखेर शून्यावर येते.

सिद्धतेची कल्पना गेओर्ग कॅन्टर यांच्या क्रमवाचक संख्यांवर, म्हणजे ऑर्डिनलांवर, उभी आहे. सर्व नैसर्गिक संख्यांच्या नंतर येणारी पहिली क्रमवाचक संख्या म्हणजे ओमेगा. मालेतील प्रत्येक संख्या लिहून झाली की तिच्यातील पायाच्या जागी ओमेगा ठेवायचा. ४ च्या जागी ओमेगाचा ओमेगावा घात येतो, २६ च्या जागी ओमेगाच्या वर्गाची दुप्पट अधिक ओमेगाची दुप्पट अधिक २, आणि ४१ साठी तीच राशी, फक्त शेवटी २ ऐवजी १. पाया कितीही वाढवला तरी ओमेगाच्या राशीत काही फरक पडत नाही, कारण तिथे पाया उरलेलाच नाही. वजा केलेला १ मात्र तिला दर वेळी निश्चितपणे लहान करतो. शब्दकोशात आधीचे अक्षर नंतरच्या सर्व अक्षरांवर मात करते, तसे या राशींत मोठ्या घाताचे पद ठरवते की कोण मोठा. म्हणून ८३ ही ६० पेक्षा मोठी असली तरी तिची राशी, ओमेगाच्या वर्गाची दुप्पट अधिक ओमेगा अधिक ५, ही ६० च्या राशीपेक्षा लहान आहे. क्रमवाचक संख्यांची सतत उतरणारी माला अनंत असू शकत नाही, आणि त्यामुळे आपली माला संपलीच पाहिजे.

हे सर्व पटल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ४ पासून निघालेली माला शून्यावर येते तरी केव्हा? हे कागदावर काढता येते, आणि प्रत्येकाने एकदा तरी काढावे. पाया ५ असताना संख्या ६० असते आणि एककाचे पद शून्य झालेले असते. पुढच्या पायरीला मधल्या पदाचा गुणक २ चा १ होतो आणि एककाच्या जागी ५ येतात. ते खर्च होईपर्यंत पाया ११ झालेला असतो. तसेच पुन्हा एकदा झाले की पाया २३ असतो आणि फक्त वर्गाची दुप्पट शिल्लक राहते. पाया २४ होताच दोन वर्गांपैकी एक मोडतो, आणि त्यातून मधल्या पदाला २३ व एककाला २३ मिळतात. मधल्या पदाचा गुणक जितक्या वेळा घटतो तितक्या वेळा पाया साधारण दुप्पट होतो, म्हणून उरलेला वर्ग मोडतो तेव्हा पाया २४ गुणिले २ चा २४ वा घात, म्हणजे ४०,२६,५३,१८४ इतका असतो. तिथून तेच चक्र या नव्या संख्येसाठी फिरते, आणि माला शून्यावर येते तेव्हाचा पाया ३ गुणिले २ चा ४०,२६,५३,२११ वा घात, याहून फक्त १ ने कमी असतो. ही संख्या दशमान पद्धतीत लिहायला १२,१२,१०,६९५ अंक लागतील.

यातील टप्पे पाहावेत: ३ वरून २४, २४ वरून ४०,२६,५३,१८४, आणि तिथून शेवटची प्रचंड संख्या. प्रत्येक टप्प्यात एकच क्रिया आहे, संख्येला २ च्या तितक्याव्या घाताने गुणण्याची. आता वेगाने वाढणाऱ्या फलनांची, म्हणजे दिलेल्या संख्येवरून दुसरी संख्या देणाऱ्या नियमांची, उतरंड पाहावी. शून्याव्या पातळीचे फलन १ मिळवते. पुढच्या प्रत्येक पातळीचे फलन खालच्या पातळीची क्रिया दिलेल्या संख्येइतक्या वेळा करते. त्यामुळे पहिली पातळी दुप्पट करते आणि दुसरी पातळी नेमकी वरची क्रिया करते. तिसरी पातळी ३ या संख्येवर ती क्रिया तीनदा करते. ओमेगा पातळीवर, दिलेली संख्या जितकी असेल तितक्याव्या पातळीचे फलन वापरायचे. म्हणजे ४ च्या मालेचा शेवट ठरवणारी संख्या ही ३ वर घेतलेले ओमेगा पातळीचे मूल्यच आहे. हा मेळ पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वहीवर आकडेमोड करताना माझ्या प्रथम लक्षात आला, आणि तो आनंद अजूनही तेवढाच ताजा आहे.

विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेले फलनही याच ओमेगा पातळीच्या वेगाने वाढते. उतरंड तिथे थांबत नाही. १६ पासून सुरुवात केली तर पहिल्याच पायरीला ७६,२५,५९,७४,८४,९८६ ही संख्या येते, आणि आरंभीची राशी ओमेगावर ओमेगा आणि त्यावर पुन्हा ओमेगा अशी तीन मजली असते. असे मजले चढवत गेल्यावर त्या सर्वांच्या पलीकडची पहिली क्रमवाचक संख्या म्हणजे एप्सिलॉन-शून्य.

गेरहार्ड गेंट्झन यांनी १९३६ मध्ये पेआनो अंकगणिताची, म्हणजे नैसर्गिक संख्यांची बेरीज, गुणाकार आणि विगमन यांच्या ठरावीक नियमांच्या व्यवस्थेची, सुसंगती (तिच्यात परस्परविरोधी निष्कर्ष निघत नाहीत हे) सिद्ध केली ती एप्सिलॉन-शून्यपर्यंतच्या विगमनाच्या आधारे. १९४३ मध्ये त्यांनी हेही दाखवले की त्याखालच्या प्रत्येक क्रमवाचक संख्येपर्यंतचे विगमन पेआनो अंकगणितात सिद्ध होते, पण खुद्द एप्सिलॉन-शून्यपर्यंतचे होत नाही. याचा फलनांच्या भाषेतील अर्थ असा की, ज्या फलनाची गणना प्रत्येक संख्येसाठी संपते असे पेआनो अंकगणित सिद्ध करू शकते, त्याचा वेग एप्सिलॉन-शून्यच्या खालच्या एखाद्या पातळीने बांधलेला असतो. गुडस्टीन मालेची लांबी सांगणारे फलन या सर्व पातळ्यांना मागे टाकते. म्हणून लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवल्याप्रमाणे, प्रत्येक माला शून्यावर येते हे विधान पेआनो अंकगणितात सिद्ध होऊ शकत नाही. इथे असिद्धतेला कारण आहे, आणि ते कारण वेग हे आहे.

विद्यार्थ्यांशी बोलताना मी दोन गोष्टींबाबत आग्रही असतो. ४ पासूनची माला संपते हे पेआनो अंकगणितात सिद्ध होते, १६ पासूनची संपते हेही होते, आणि कोणतीही एक संख्या निवडली तरी तिच्यापुरती सिद्धता तिथे मिळते. मिळत नाही ती 'प्रत्येक' या शब्दासह एकत्रित सिद्धता. दुसरे असे की, 'सिद्ध करता येत नाही' हे वाक्य कोणत्या व्यवस्थेत ते सांगितल्याशिवाय अपुरे आहे. ओमेगाच्या राशींनी वर दिलेली सिद्धता पूर्ण सिद्धताच आहे, आणि तिच्यासाठी पेआनो अंकगणिताच्या वर नेमके किती चढावे लागते, तेही एप्सिलॉन-शून्य सांगते.