वजनकाटा, तक्ता आणि बाळसं: पहिले सहा महिने

घरात तान्हं बाळ असलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "वजन किती झालं?" आकडा सांगितला की लगेच तुलना सुरू. शेजारचं याच वयात साडेसहा किलोचं होतं, मग याचं का नाही? आईच्या मनात भीती बसते आणि अंगावर पुरेसं दूध असतानाही चार दिवसांत वरच्या दुधाचा डबा घरात येतो. म्हणून हे कळकळीने सांगावंसं वाटतं: एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. लागोपाठची चार-पाच वजनं तक्त्यावर मांडायची, रेषा कुठे चालली आहे ते बघायचं, आणि ती आडवी झाली असेल तर आधी पाजण्यात काय बिनसलं आहे ते शोधायचं.

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत वजन उतरतंच. अंगातलं जादा पाणी निघून जातं, काळी शी होते, आणि आईचं दूधही अजून पुरतं उतरलेलं नसतं. जन्मवजनाच्या ५ ते ७ टक्के घट नेहमीची. १० टक्क्यांच्या पुढे गेली तर बाळ डॉक्टरांना दाखवायचं. तीन किलोचं बाळ घरी येताना पावणेतीन-दोन आठशेचं असू शकतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत तीनवर येतं. त्यामुळे दवाखान्यातून निघतानाचं वजन कार्डावर लिहून घ्या. महिन्याची वाढ मोजताना जन्मवजन धरलं तर ती विनाकारण कमी दिसते.

तिथून पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ होते, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. तीन महिन्यांनंतर वेग उतरतो आणि रोजचे १५ ते २० ग्रॅमही चांगले असतात. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजन दुप्पट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन महिन्यांचा मुलगा सरासरी ६.४ किलोचा आणि मुलगी ५.८ किलोची असते; सहा महिन्यांना हेच आकडे ७.९ आणि ७.३ होतात. पण सहा महिन्यांचा ६.६ किलोचा मुलगाही निरोगी पट्ट्यातच असतो. खालची मर्यादा त्या वयाला मुलासाठी ६.४ आणि मुलीसाठी ५.७ आहे. सडपातळ आईबापांचं बाळ सुरुवातीपासून खालच्या रेषेला धरून वाढत असेल, तर तीच त्याची वाट.

आता वजन करण्याबद्दल, कारण निम्मा घोळ इथेच होतो. एका वेळेला बाळ ६० ते १२० मिली दूध पितं, म्हणजे पोटात तेवढेच ग्रॅम. भिजलेला डायपर शंभर-दीडशे ग्रॅम सहज भरतो. रोजची खरी वाढ जेमतेम तीस ग्रॅम असताना ती या गडबडीत दिसणार कशी? रोज वजन करू नका. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा, पुढे पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने पुरे. काटा एकच ठेवा, वेळही शक्यतो एकच, पाजण्याआधीची. लंगोट, डायपर, करदोटा, वाळे सगळं काढायचं. डिजिटल काट्यावर आधी दुपटं अंथरून आकडा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. अंगणवाडीत झोळीचा काटा असेल तर रिकाम्या झोळीला काटा शून्यावर आहे का ते बघा आणि बाळ हातपाय झाडायचं थांबेपर्यंत आकडा वाचू नका. त्या काट्यावरचा एक कप्पा १०० ग्रॅमचा असतो, म्हणून आठवड्याची वाढ त्यावर नीट कळत नाही, महिन्याची कळते.

वजन कळलं की ते माता-बाल कार्डावरच्या तक्त्यात टिंब मारून मांडायचं. मुलींचं पान गुलाबी, मुलांचं निळं. हिरवा पट्टा ठीक, पिवळ्यात लक्ष द्यायचं, नारिंगीत लगेच दवाखाना. पण हिरव्यातल्या हिरव्यात रेषा आडवी पडली किंवा खाली वळली, तर पिवळं यायची वाट बघत बसू नये. हा तक्ता आला कुठून तेही आईला माहीत असावं. पूर्वीचे तक्ते मुख्यतः अमेरिकेतल्या, बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांच्या मोजमापांवर बेतलेले होते. अंगावर पिणारी बाळं तीन-चार महिन्यांनंतर त्यापेक्षा हळू वाढतात, त्यामुळे ठणठणीत बाळांच्या आयांनाही 'दूध कमी पडतंय' असं सांगितलं जायचं. २००६ साली आलेले जागतिक आरोग्य संघटनेचे नवे तक्ते सहा देशांतल्या, स्तनपान करणाऱ्या बाळांवरून बनवले आहेत आणि त्या सहा ठिकाणांत दक्षिण दिल्लीही होती. तेव्हा 'हे परदेशी बाळांचे आकडे' हा आक्षेप टिकत नाही.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, तिला टाळू नका. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतून पुढे आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले; ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

रेषा मंदावली तर पहिला संशय दुधाच्या पुरवठ्यावर घेतला जातो, पण बहुतेक वेळा चूक पकडीत असते. बाळ नुसतं बोंड तोंडात धरून चोखत असेल तर दूध फार येत नाही, बोंडाला चिरा पडतात, आई पाजायला घाबरते आणि मग दूध खरोखर कमी होतं. उजव्या बाजूला पाजताना बाळाला डाव्या हातावर घ्या. अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याच्या मागून दाबायचं नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, नाक बोंडासमोर. वरच्या ओठाला बोंड लावून थांबायचं. जांभईसारखं मोठं तोंड उघडलं की आधी हनुवटी टेकवून बाळाला जवळ ओढायचं. आपण वाकून स्तन त्याच्या तोंडात कोंबायचा नाही, त्याने पाठही धरते. पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळसर भाग खालच्या बाजूने जवळजवळ पूर्ण तोंडात असतो, वर थोडा दिसतो. गाल फुगलेले राहतात, खड्डे पडत नाहीत, घोट गिळल्याचा आवाज येतो. पिऊन झाल्यावर बोंड चपटं किंवा तिरकं झालेलं दिसलं तर पकड चुकली होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये यावरच्या चित्रफिती मराठीतही आहेत. त्या बाळंतपणाआधीच बघाव्यात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे घड्याळ लावून दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे. सुरुवातीचं दूध पातळ असतं, स्निग्ध दूध मागाहून येतं. एक बाजू हलकी, मऊ होईपर्यंत पाजायचं, मगच दुसरी. दिवसरात्रीत मिळून ८ ते १२ वेळा, आणि त्यात रात्रीचं पाजणं हवंच, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळ अचानक दर तासाला मागतं, संध्याकाळी किरकिरतं. ते मागणी वाढवत असतं. दोन-तीन दिवस पाजत राहिलं की दूध तेवढं वाढतं. नेमक्या याच दिवसांत डबा घरात येतो, हे लक्षात ठेवा. दूध पुरतंय की नाही हे लघवीवरून कळतं. आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल तर पोटात दूध जातंय.

पाणी नको, अगदी विदर्भातल्या मे महिन्यातही. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं, आणि चमचाभर पाण्याने भरलेलं पोट तेवढं दूध कमी मागतं. बाळघुटीबद्दल घरोघरी वाद होतात, पण वाढीच्या दृष्टीने त्यातलं जायफळ विशेष घातक आहे. सहाणेवर उगाळताना त्याचा वेढा जास्त पडला की बाळ ग्लानीत झोपतं, आजीला वाटतं शांत झालं, आणि दोन-तीन वेळचं दूध बुडतं. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब होतात ते वेगळेच. मध वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला लुळेपणा आणणारी विषबाधा होऊ शकते. तेल लावून चोळायला हरकत नाही, मात्र पाजून निदान अर्धा तास झालेला असावा, आणि कानानाकात तेल सोडायचं नाही.

वरचं दूध द्यावंच लागलं तर आधी पाणी मोजायचं, मग पावडर घालायची, डब्यावर लिहिल्याप्रमाणे सपाट चमचा. पुरवून वापरायचं म्हणून पातळ केलेलं दूध वजन न वाढण्याचं एक मोठं कारण आहे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, कारण ते उकळून स्वच्छ ठेवता येतं. ड जीवनसत्त्व मात्र अंगावर पिणाऱ्या बाळालाही रोज ४०० युनिट हवंच. बाजारातल्या थेंबांत कुठे एका मिलीत ४००, कुठे ८०० युनिट असतात, म्हणून बाटली बदलली की लेबल वाचा.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय सुधारून धरायचं. ३४ आठवड्यांना जन्मलेलं बाळ तीन महिन्यांचं झालं की तक्त्यावर आणि हालचालींसाठी ते दीड महिन्याचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

दीड-दोन महिन्यांत बाळ आपल्याकडे बघून हसू लागतं, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं, चार ते सहा महिन्यांत पालथं पडतं. मान धरायला सराव लागतो. जागेपणी पोटावर ठेवा, सुरुवातीला दोन-दोन मिनिटं, हळूहळू दिवसभरात मिळून अर्धा तास. झोपवताना मात्र पाठीवरच, आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी नको. लहान बाळाला कसलीच उशी नको. डोकं एका बाजूने चपटं होत असेल तर पाळण्यात उशापायथ्याची बाजू रोज बदला. मान सतत एकाच बाजूला वळत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

काही बाबतींत वाट बघायची नसते. तीन महिन्यांच्या आत १००.४ अंश ताप, एकदम पिणं सोडणं, रडत नसतानाही फुगलेली टाळू, चार महिन्यांनंतरही मान न धरणं. आणि दोन आठवड्यांनंतर टिकलेली कावीळ, त्यात शी पांढरट. हा पित्तनलिकेचा आजार असू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत व्हावी लागते.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण. त्या दिवसापासून अनेक घरांत वरणाचं पाणी आणि भाताची पेज सुरू होते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात रेषा पुन्हा आडवी पडते. पातळ पाण्याने पोट भरतं, ताकद येत नाही. मऊ वरणभात कुस्करून, तूप घालून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट करा. सुरुवातीला दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे पुरेत. अंगावरचं दूध पहिल्यासारखंच चालू राहू द्या.