दोरा ओढू नका

इंदिरानगरमधून त्या काकूंचा फोन आला तेव्हा दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. "डॉक्टर, मांजराचं पिल्लू कालपासून ओकतंय, खाण्याला तोंड लावत नाही. आणि मागून दोरा लोंबतोय. मुलगा म्हणतो, हळूच ओढून काढतो."

मी जवळजवळ ओरडलोच. "अजिबात ओढू नका! आहे तसं घेऊन या."

ठमी दोन-अडीच महिन्यांची, तिरंगी भाटी. हिरड्या कोरड्या पडलेल्या. पोट चाचपलं तर कळवळली. हनुवटीखालून अंगठ्याने दाबून जीभ वर उचलली आणि कारण सापडलं. जिभेच्या मुळाशी लाल दोऱ्याचा फास, मांसात रुतलेला. ओकणाऱ्या मांजराची जीभ अशी उचलून बघायलाच हवी. नुसतं तोंड उघडून हा दोरा सहसा दिसत नाही.

काकू घरी फॉल-पिकोची कामं घेतात. त्यांना म्हटलं, "नाडी ओढली की परकराला चुण्या पडतात ना, तसं तिचं आतडं गोळा झालंय. दोऱ्याचं एक टोक जिभेला अडकलंय आणि आतडं उरलेला दोरा पुढे ढकलतंय. आपण खालून ओढला, तर तो आतडं चिरत येईल." त्यांनी तोंडाला पदर लावला.

पिल्लाला यात बोल लावण्यात अर्थ नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा त्यांत अडकला की थुंकणं अवघड होतं, तो आतच जात राहतो.

एक्स-रेमध्ये सुई नव्हती, हे नशीब. सलाईन दिलं आणि रात्रीच ऑपरेशनला घेतलं. आधी जिभेखालचा फास कापला, मग पोट उघडून जठरातून आणि आतड्यातून दोरा तुकड्यातुकड्याने काढला. आतडं कुठेही फाटलं नव्हतं. भुलीत एवढासा जीव झपाट्याने गार पडतो, म्हणून माझी सहायक गरम पाण्याच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून बदलत राहिली. ठमीने डोके उचललं तेव्हा आम्ही दोघंही मोठ्याने हसलो.

घरी सोडण्याआधी मात्र मी काकूंच्या घरी गेलो. पिल्लू येण्याआधी घर जमिनीवर बसून बघावं लागतं. उभं राहून काहीच कळत नाही. मशीनखाली बॉबिन आणि कातरणांची टोपली उघडी होती. सोफ्याच्या हातात दोरा ओवलेली सुई टोचलेली. देवघराजवळ कालच्या हाराचा दोरा, पलंगाखाली संक्रांतीचा उरलेला मांजा, नातीचे केसांचे रबर. सगळं झाकणाच्या डब्यांत गेलं.

खिडकीत पॅरासिटामॉलचं पाकीट पडलं होतं, ते मी स्वतः उचलून कपाटात ठेवलं. ही गोळी पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. "ताप आला म्हणून अर्धी दिली" असं सांगत लोक येतात तेव्हा माझा जीव खाली-वर होतो. काळ्या फिनाईलचंही तेच. ओल्या फरशीवरून चाललेलं पिल्लू पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. काकूंनी ती बाटली त्याच दिवशी घराबाहेर काढली.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला जाळी बसवायला लावली. सुरुवातीला एकच खोली, एका कोपऱ्यात शी-शूसाठी मातीचा ट्रे, खाणं-पाणी त्याच्यापासून लांब. लपायला खोकं. गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात, तेव्हा दूध बंद, पिल्लांचं खाद्य आणि स्वच्छ पाणी.

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, हिला आणायच्या आधी कुणी हे सांगितलं असतं तर!" खरं आहे. लोक पिल्लू आणतात, मग लसीसाठी येतात, आणि घराबद्दल विचारतात ते काहीतरी घडल्यावर. आता कुणी "पिल्लू आणायचं ठरलंय" म्हणालं, की मी लसींच्या आधी सुई-दोऱ्याबद्दल विचारतो.

टाके काढायला आणलं तेव्हा ठमीचं वजन चांगलं वाढलं होतं. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस. काकूंनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.