अ‍ॅम्बीच्या खालचा डाग

जुनी गाडी दारात असली की येणारा पाहुणा चपला काढायच्या आधी एकच वाक्य बोलतो, "भाऊ, तुमची गाडी गळून राह्यली." जसं काही आपल्याले माहीतच नाही! आमची अ‍ॅम्बेसेडर १९७७ ची, मार्क थ्री, बाबांनी घेतलेली, आणि पोर्चच्या फरशीवरचा तो काळा डाग माझ्या पोरीपेक्षा वयाने मोठा आहे. आईने तिथे एक जुनी परात सरकवून दिली, तिच्यापुरता विषय संपला.

माझ्यापुरता काही संपला नाही, कारण यातली खरी गंमत ही की ऑइल जिथे टपकते तिथून ते बहुतेक वेळा गळतच नसते. निघते वरून, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून, मग ब्लॉकवरून उतरते, पंख्याची हवा अन गाडीचा वेग त्याला मागे मागे ढकलतात आणि शेवटी ते चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) मागच्या टोकाला येऊन लोंबते, आणि मग खाली वाकून बघणारा कोणीही छातीठोकपणे सांगतो, मागचं सील गेलं, इंजिन उतरवा. इंजिन उतरवायचा खर्च ऐकला की परातच बरी वाटते.

त्याच्याआधी इंजिन धुवा ना बाप्पा. डिझेल अन ब्रशने सगळी काळी चिकट घाण काढायची, कोरडं पुसायचं आणि वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरायची, मग अंबाझरीपर्यंत एक चक्कर मारून यायचं अन टॉर्च घेऊन वरून खाली बघत यायचं, खालून वर नाही. पांढऱ्यावर काळी रेघ जिथून सुरू होते तो चोर.

आमच्याकडे चोर निघाला साइड कव्हर. या इंजिनाला बाजूला, मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) खाली, पत्र्याची दोन झाकणं असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट अन आत कॉर्कचं पॅकिंग. हात जायला जागा नाही. गळती दिसली की जो येतो तो बोल्ट आवळतो, त्याने कॉर्क चेपतो, पत्रा मधे दबतो, कडा वर उचलल्या जातात आणि जास्तच गळते, की पुन्हा आवळा! उपाय उलटा आहे, झाकण काढा, काच नाहीतर सपाट लादीवर ठेवून कडा हलक्या हातोडीने सरळ करा, नवा कॉर्क लावा आणि हाताला घट्ट लागेल इतपतच आवळा. सिलिकॉनची ट्यूब थापणाऱ्यांवर माझा राग आहे, बाहेर जेवढी दिसते तेवढीच आतही दाबून निघते, तिचे तुकडे सुटले की ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. जुने मिस्त्री लोक कागदी पॅकिंग जागेवरच कापतात, कागद धातूवर धरून कडेने गोल तोंडाच्या हातोडीने टकटक करत जातात, बघत बसावं असं काम आहे ते.

अन ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतली कोंडलेली हवा बाहेर सोडायची वाट! त्यातल्याच एका झाकणाला त्याचा पाइप असतो. तो बुजला, वरून पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, की इंजिनात खाली दाब साचतो, कुकरची शिटी अडकल्यासारखा, आणि ऑइल फट मिळेल तिथून बाहेर येते. अशात सगळी पॅकिंगं बदलली तरी पैसे पाण्यात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की ऑइल आणखी पातळ, म्हणून मी २०डब्ल्यू-५० या जाड ऑइलच्या खाली उतरत नाही.

एवढं करूनही गाडी उभी केल्यावर एखादा थेंब पडतोच, आणि तो मी सोडून दिलाय. हे १४८९ सीसीचं इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसी या मोटार कंपनीचं, गाडी म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, आणि या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी सीलच नाही, स्क्रूसारखे आटे पाडलेले आहेत. क्रँक फिरतो तोवर आटे ऑइल आत ढकलतात, इंजिन बंद झालं की तेही थांबतात अन राहिलेलं हळूच खाली येते. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर या जातीच्या गाड्यांत बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) तळाला मुद्दाम भोक ठेवलेलं असते अन त्यात एक सैल पिन लोंबते. ती पिन अधूनमधून हलवून बघत जा, चिखलाने भोक बुजलं तर तेच ऑइल क्लचवर जाते अन मग वर्धा रोडच्या फ्लायओव्हरवर इंजिन नुसतं बोंबलते, गाडी काही चढत नाही.