तळजाईवर शेरूला शोधताना

परवा संध्याकाळी पुण्यात तळजाई टेकडीवर पट्टा तुटला आणि आमचा कुत्रा शेरू झाडीत पळाला, मी आणि दादा दोन तास हाका मारत फिरलो, आणि डोक्यात सारखं हेच की एकदा बघितलेल्या जागी परत जायचं की नाही? कारण तो काही एका जागी बसलेला नाहीये ना.

घरी झोप येईना म्हणून वाचत बसलो. या प्रश्नाचं खरंच गणित आहे! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीसाठी बर्नार्ड कूपमनने पाणबुड्या शोधायच्या निमित्ताने ते मांडलं. तुमचा वेग गुणिले किती रुंदीपर्यंत दिसतं गुणिले वेळ, भागिले एकूण एरिया. हे १ आलं म्हणजे सगळा एरिया एकदा बघून होईल एवढं फिरलात, पण वाट्टेल तसे रँडम फिरला असाल तर सापडायची शक्यता साधारण ६३ टक्केच, डबल फिरलात तरी ८६.

त्यात शेरू हलतोय. रँडम वॉकमध्ये (दर पावलाला वाट्टेल त्या दिशेला भटकण्यात) अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे चौपट वेळ गेला तर साधारण दुप्पट लांब, पण शोधायचा एरिया चौपट! आणि बघून झालेली जागा कायमची बाद होत नाही, शेजारच्या झाडीतून शक्यता हळूहळू परत तिकडे झिरपते.

कुत्रं अर्थात पूर्ण रँडम नसतं, त्याला वास असतो, सवय असते. सकाळी साडेसहाला पट्टा तुटला तिथूनच परत सुरुवात केली, तर हा आमच्या रोजच्या बाकाखाली झोपलेला. मी तिथेच खाली बसून रडलो.