हॉस्पिटल मॅनेजमेंट : पहिलं वर्ष टीपीए डेस्कवर काढा

हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना पहिली नोकरी 'ऑपरेशन्स' नाहीतर 'क्वालिटी'तच हवी असते. माझं मत वेगळं आहे: आधी टीपीए डेस्क मागून घ्या, म्हणजे विम्याच्या पेशंटचे कागद विमा कंपनीकडे किंवा तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीए संस्थेकडे पाठवून मंजुरी मिळवणारं हॉस्पिटलमधलं टेबल. पदवी लागतेच. पुण्यात सिम्बायोसिसचा हॉस्पिटल मॅनेजमेंटचा एमबीए आहे, त्यासाठी स्नॅप ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते; मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमएचए, म्हणजे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी, आहे. पण डिस्चार्जची फाईल नेमकी कुठे अडते, हे वर्गात कळत नाही.

सकाळच्या राऊंडला कन्सल्टंट 'डिस्चार्ज' लिहितात. मग आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) डिस्चार्ज समरी, म्हणजे उपचारांचा सारांश, तयार करतात, सिस्टर उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवतात, लॅब-रेडिओलॉजीचे राहिलेले चार्ज चढतात आणि तेव्हा कुठे फायनल बिल मंजुरीला जातं. नातेवाईक मात्र राऊंड संपल्यापासून काउंटरवर उभे! विमा नियामक इर्डाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (बिल विमा कंपनीने थेट भरायच्या) विनंतीवर 1 तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर 3 तासांत निर्णय व्हायला हवा. पण हे घड्याळ हॉस्पिटलकडून कागद गेल्यावर सुरू होतं. समरी दुपारी दोनपर्यंत सहीविना पडून राहिली, तर विमा कंपनीच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही. उद्या घरी जातील असे पेशंट आज संध्याकाळीच हेरायचे, समरीचा मसुदा आणि फार्मसी रिटर्न रात्रीच उरकायचं.

विमा कंपनीच्या क्वेरी, म्हणजे शंका, ठरलेल्या असतात. मधुमेह प्रीऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीच्या) फॉर्मवर दोन वर्षांपासून, केसपेपरवर पाच वर्षांपासून. इम्प्लांटचा स्टिकर फाईलला लावायचा राहिलेला. ॲडमिशनची वेळ समरीत एक, बिलावर दुसरी. पाठवण्याआधी या तीन जागा डोळ्यांखालून घातल्या तरी बरीच डोकेदुखी टळते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती रूम रेंटवरून. पॉलिसीची मर्यादा दिवसाला 5,000 आणि पेशंटने 8,000 ची खोली घेतली, तर फक्त वरचे 3,000 भरून सुटका होईल असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर खोलीनुसार बदलणारे डॉक्टरांचे, ऑपरेशन थिएटरचे चार्जही 8,000 ला 5,000 याच हिशेबाने कापले जातात: 80,000 चे 50,000 मंजूर, उरलेले 30,000 खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. हे ॲडमिशनच्या वेळीच, कागदावर आकडे मांडून सांगायचं आणि खाली सही घ्यायची. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलंत तर फसवल्याचाच आरोप होणार, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

पुण्यात आणखी एक टेबल शिकून घ्या, ते चॅरिटीचं. इथली बरीच मोठी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत. धर्मादाय योजनेत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे 200 खाटांच्या हॉस्पिटलमध्ये 20 अधिक 20. खर्चासाठी इतर पेशंटच्या बिलांच्या रकमेतून 2 टक्के वेगळ्या निधीत जमा होतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड पहिल्याच दिवशी मागा. इमर्जन्सीत आलेल्या माणसाच्या खिशात हे कागद नसतात, म्हणून समाजसेवकाला लगेच कळवायचं आणि ते कळवल्याची वेळ फाईलवर लिहायची.